वैज्ञानिक सिनेमा आणि माझे बूट

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी. बुलढाण्याला सायन्स शिकत होतो आणि ते कोणी विचारायच्या आधीच सांगत होतो. आज त्याची लाज वाटत नाही. शेण काढून, ढोरं चारून मी तिथवर गेलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा आमच्या साखरखेर्ड्याला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. दवंडीचा छकडा गावभर फिरायचा. भोंग्यातून आवाज यायचा, "पौराणिक, धार्मिक, वैज्ञानिक चित्रपट! राजपुत्राची चंद्रावर स्वारी! पाताळातला लोखंडी राक्षस!"

आमच्या घरात एक नेम होता. बायकांनी सिनेमा पाहायचा तर देवाचाच. माझ्या मायनं तोवर एकही पाहिला नव्हता. दोन वर्षांमागं देवाचा आला होता, तेव्हा बहिणीच्या बाळंतपणात तिचा राहून गेला. या वेळी तिनं भोंगा ऐकताच पेटीतून लुगडं काढून ठेवलं.

बा ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता. त्यानं मला हाक मारली.

"धार्मिकबी म्हणते, वैज्ञानिकबी म्हणते. तू शिकेल हायेस. हा देवाचा हाये का नाही?"

मी तो सिनेमा बुलढाण्याला पाहिला होता. ऋषी भुयारात बसून बटनं दाबतो, भिंतीवर दिवे लुकलुकतात, आणि शाप उतरवायला राजपुत्र अग्निबाणात बसून चंद्रावर जातो. तिथं नागकन्या राज्य करते आणि दारावर पत्र्याचा माणूस पहारा देतो. आम्ही पोरं हसून हसून बेजार झालो होतो. बानं विचारलं आणि मला चेव आला. चंद्रावर हवा नसते, तिथं गाणं ऐकू येणार नाही, पत्र्याच्या माणसाच्या आत दुसरा माणूस असतो, असं सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "देवाचा काही संबंध नाही, बा. यंत्राचा खेळ हाये."

"मंग बायकायचं काम नाही तिथं," बा म्हणाला आणि पुन्हा सुपारीकडं वळला.

माय दारातच उभी होती. आत गेलो तर ती लुगडं परत पेटीत ठेवत होती.

"तुले कोनं सांगतलं होतं रे एवढं बोलाले?"

"बानं विचारलं ना."

"मंग 'हाव' म्हणाले काय जात होतं तुह्यं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजवळ गेलो आणि माझी चूक असू शकते असं म्हणालो. कॉलेजात गेल्यापासून मी हे वाक्य घरात पहिल्यांदाच बोललो. बानं हात झटकला.

"तुह्यं राहू दे. मी लोकायलेच पाहतो. लोकं वहाणा काढून आत गेले, त देवाचा."

आमच्याकडं तशीच रीत होती. पडद्यावर देव येणार असला की माणसं तंबूच्या दाराशी पायताण काढून आत जायची. देवाचा नसला की तशीच, चिखलाच्या पायांनी.

संध्याकाळी बा तंबूसमोरच्या पानठेल्याशी जाऊन उभा राहिला. दारात गर्दी होती, पण कोणालाच उमजत नव्हतं. अर्धी माणसं वहाणेत पाय घालून-काढून एकमेकांकडं पाहत होती. दोघेचौघे तसेच आत गेलेसुद्धा. मी पुढं घुसलो. माझ्या पायात कॉलेजसाठी घेतलेले काळे बूट होते, गावात तसे दुसऱ्या कोणाकडं नव्हते. खाली बसलो, नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट दाराशी जोडीनं ठेवले.

मागून माझ्या शाळेतल्या दोस्तानं हटकलं, त्यालाही मी आदल्या दिवशी सगळं सांगून बसलो होतो, "काऊन बे? काल त रॉकेट हाये म्हणत होतास!"

"रॉकेटातच बसेल असन देव. काढ मुकाट्यानं."

"घ्या! सायन्सवाल्यानं काढले, म्हणजे पक्का देव हाये," असं म्हणत त्यानंही काढल्या. मागच्यांनी काढल्या. मग रांगच लागली. मी आत जाताना वळून पाहिलं तर बा घराकडं निघाला होता.

मायला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी ती शेजारणींबरोबर गेली, कनातीपलीकडं बायकांत बसून तिनं अख्खा सिनेमा पाहिला. घरी आली तर बा जेवायचा थांबला होता.

"कोणता देव होता?"

मायनं ताट वाढता वाढता सरळ सांगून टाकलं.

"देव-बिव काई दिसला नाही मले. राजपुत्राची गोष्ट होती, आपल्या जात्यावरच्या गोष्टीसारखी. फक्त सासुरवाडी चंद्रावर होती त्याची."

बानं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरीकडं पाहिलं.

"मंग?" बा म्हणाला.

"मंग काय? उद्या शेवटचा खेळ हाये. पुन्हा जाऊन राह्यली मी."

बानं भाकर कुस्करली, वरण ओतून घेतलं. पुढं तंबू येत राहिले, पण मायनं सिनेमा कशाचा आहे हे बाला विचारलं नाही आणि बानंही मला विचारलं नाही.

त्या शेवटच्या खेळाला मी तिला सोडायला गेलो. वाटेत म्हटलं, आता तरी खरं काय ते तिला कळावं. चंद्रावर हवा का नसते, ते समजावून सांगायला लागलो.

"ते तू परीक्षेत लेह्य," ती म्हणाली. "पाय उचल. पयलं गाणं जाईन माह्यं."