वीतभर चुकलेला नेम

रविवारी मी बोटभर उंचीचा खेळण्यातला सैनिक रंगवत होतो. स्पंजने हेल्मेटवर ओरखडे उमटवले, गुडघ्यांना चिखल लावला. छातीवर गोळीची खूण करणार, तेवढ्यात शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "तिथे नको."

बाबा लढाईवर जाऊन आलेले, पण त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

"मग कुठे?"

"कमरेच्या पाण्याच्या बाटलीवर. माझ्या बाटलीला लागली होती."

कुणाचा तरी नेम वीतभर चुकला, म्हणून आईला संसार मिळाला आणि मला जन्म. त्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले. मग बाटलीवर काळा ठिपका दिला.

बाबांनी चष्मा लावून सैनिकाला नीट न्याहाळलं.

"हा पोचेल घरी," ते म्हणाले.