अग्वांता

माझा बाप सातासमुद्रापार जाऊन आला, तेव्हा त्यानं घरी आणली एक पत्र्याची पेटी आणि कोळशानं खाल्लेली छाती. शिवाय एक शब्द. पेटी गंजली, छातीनं बापाला नेलं, शब्द तेवढा उरला. तो उरला नसता तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणतो.

आमचं गाव डोळखांबच्या अलीकडे, भातशेतीचं. तिथला माणूस बोटीवर जातो हेच नवल. पण बाप घरात रुसून मुंबईला गेला आणि मालाच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला लागला. तिथं स्पॅनिश बोलणारा एक जोडीदार त्याला भेटला. त्याच्याकडून शिकलेला शब्द म्हणजे ‘अग्वांता’. धर, सोडू नकोस, दम काढ, सगळं त्यात येतं, असं बाप सांगायचा.

सन तेहतीस-चौतीसच्या सुमाराला तो परतला आणि आम्हा दोघा भावंडांना त्यानं तो शब्द कामातच शिकवला. घर शाकारताना मी शिडीवर पेंढ्याचा भारा पेलत उभा असलो की, “अग्वांता!” म्हणत तो खालून धावत यायचा. विहिरीवर बहिणीच्या हातून दोर निसटायला लागला की, “अग्वांता गो!” आणि दोन ढांगांत तो काठावर. आईला ही थेरं वाटायची. पण भात रटरटत असताना आम्ही चुलीभोवती घिरट्या घालायला लागलो की तीच म्हणायची, “अग्वांता करा जरा, शिजतोय.” मुरबाडला आजोळी गेलो की मी मामाच्या पोरांसमोर या शब्दावर भाव खायचो.

बाप गेल्यावर आम्ही तो शब्द आळशासारखा वापरू लागलो. पाय मुरगळला, अग्वांता. नाचणी संपली, अग्वांता. म्हणजे गप बसा आणि सोसा.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली एक भातलावणी. बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती. सकाळीच तिच्या पोटात दुखायला लागलं. आईनं ओवा चावायला दिला, तापल्या विटेनं शेकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुपारी ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं. डॉक्टर शहापूरला, बैलगाडीनं चार तासांवर.

आमची बैलजोडी सावडीची होती. एक बैल आमचा, एक शेजारच्या काकांचा, आणि शेतं पाळीपाळीनं करायची. त्या दिवशी पाळी आमची होती आणि उपटलेली रोपं बांधावर पडली होती. काका आपण होऊन म्हणाले, “बैल सोडू का रे? पोरीला शापूरला नेतोस?”

“सांजेपर्यंत बघू,” मी म्हणालो.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला चिखलणी पुरी करायची होती. पोटदुखी काय, होतेच पोरींना, असं मनाशी म्हणून मी पुन्हा नांगर धरला.

दिवस कलताना घरी आलो. ती घोंगडीवर मुटकुळं करून पडली होती, ओठ पांढरे पडले होते. मी कपाळावर हात ठेवला आणि सवयीनं म्हणालो, “अग्वांता गो बाय.”

तिनं डोळे उघडले. “कोन गेलाय रे दादा?”

“कुठं?”

“गाडी आनाला. बाबा नुसता धर म्हनून बसत नसं. म्हनायचा नि पळायचा.”

तिला तो शब्द नीट येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी खोटं बोललो. “काका गेलेत गाडी जोडाला. येतीलच.”

तिचा चेहरा सैल पडला. “मंग धरते,” ती म्हणाली आणि दाराकडे तोंड करून कान देऊन पडली.

बाहेर दोन्ही बैल चिखलानं भरलेल्या पायांनी गवत खात उभे होते. मी धावत काकांना हाक मारली. दोघांनी मिळून गाडी जोडली, आत पेंढा पसरला. जुवाची गाठ मला दोनदा सोडून बांधावी लागली. गाडी दाराशी आणली तेव्हा आई उंबऱ्यात येऊन उभी होती.

“बैल सोड रे,” ती म्हणाली. “आता कोनाला नेतोस?”