मालनच्या दुकानातला पोंगा

...आणि तो पोंगा वाजला की मालन लाटणं वर उचलून सगळ्या दुकानाला सांगायची, "आले भावोजी." काल गोष्ट इथवर आली, तेवढ्यात चहा आला आणि पुढचं राहिलं. पण हे भावोजी कोण आणि पोंगा कसला, हे ज्याला ठाऊक नाही त्याला मालन कळायची नाही. तेव्हा थोडं मागून सुरुवात केलेली बरी.

भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर मालनचं पोळीभाजी केंद्र आहे. पाटीवर 'पोळीभाजी' असलं तरी तिथे पोळी कोणी मागत नाही, सगळे चपातीच म्हणतात. एवढासा गाळा. आत दोन मोठे तवे, चपात्या लाटणाऱ्या तीन-चार बाया आणि मधोमध मालन. देवगडकडची. चौथी झाली आणि शाळा सुटली, लग्न होऊन भांडुपला आली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने चाळीतल्या जिन्याखाली पोळपाट मांडला, तो आज या गाळ्यात आहे. जीभ तव्याइतकीच तापलेली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आज चपाती जरा जाड वाटतेय," तर ती म्हणणार, "तुम्ही बारीक झालात." आणि पिशवीत गुपचूप एक जास्तीची टाकणार.

लाटणाऱ्या बायांची पोरं शाळा सुटली की तिथेच यायची. घरी कोण असणार? रिकाम्या तेलाच्या डब्यांवर बसायची, पीठ उडवायची, भांडायची. मालनची मुलगी प्रांजल मुलुंडला एका दवाखान्यात कामाला आहे. तिने एकदा आईच्या मोबाईलवर पोरांसाठी स्पेलिंगचं एक फुकटातलं ॲप टाकून दिलं. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला की आतून एक बाई गोड आवाजात शब्द सांगते, वर चित्र येतं, खाली अक्षरं पसरलेली. बरोबर लावली तर चांदण्या उडतात. चुकली तर पोंगा वाजतो. पोंऽऽऽ.

फुकटचं म्हटल्यावर मधेमधे जाहिराती यायच्याच, आणि त्या पत्त्यांच्या जुगाराच्या. मालनने त्यावरही कायदा केला होता. जाहिरात लागली की ती ओरडायची, "तोंडं फिरवा," आणि सगळी पोरं भिंतीकडे तोंड करून शेवटचा शब्द मोठ्याने घोकायची, जाहिरात संपेपर्यंत. नवं गिऱ्हाईक दचकायचं. त्याला वाटायचं, पोरांना शिक्षा झालीय.

रामनाथला या सगळ्याचं केवढं कौतुक. तो मालनचा गाववाला, चाळीतला शेजारी. वयाने सत्तरी ओलांडलेला. मिलमध्ये होता, मिल गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला आणि आता नातीला शाळेतून आणण्याच्या नोकरीवर होता. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी पाचवीत भेटलं आणि सातवीत सुटलं. त्यामुळे न चिडता, छडी न उगारता एकच शब्द पुन्हापुन्हा सांगणारी ती मोबाईलमधली बाई त्याला देवमाणूस वाटे. रोज संध्याकाळी चपात्या घ्यायच्या निमित्ताने तो तिथे उभा राही आणि आपल्या राजाराम गुरुजींच्या गोष्टी लावी.

"आमचे गुरुजी स्पेलिंग काजूच्या बियांनी मांडायला लावायचे," तो सांगायचा. "शाळेच्या अंगणात, सारवलेल्या जमिनीवर. जे अक्षर चुकलं त्याच्या बिया गुरुजी खिशात टाकायचे. आणि शनिवारी त्याच बिया भाजून सगळ्या वर्गाला वाटायचे. मग काय, शुक्रवारी आख्खा वर्ग हमखास चुकायचा."

"काका," मालन म्हणायची, "तुमची गोष्ट संपेपर्यंत माझी कणीक सुकते. बाजूला सरा, मागे माणसं उभी आहेत."

रामनाथची नात कल्पिता त्याच वर्षी गावाहून आली होती. तिसरीपर्यंत गावच्या मराठी शाळेत हुशार म्हणून गाजलेली, इथे चौथीत इंग्रजी शाळेत घातली. नव्या शाळेत अंग चोरून बसायची, पण ॲपसमोर पहिल्या दिवशी हौसेने बसली. चित्र आलं, शब्द आला, तिने अक्षरं लावली. पोंऽऽऽ. पुन्हा लावली. पोंऽऽऽ. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चपात्या लाटणाऱ्या शांताबाईंचा नातू निमेश डब्यावरून खाली पडेपर्यंत हसला. पोरं हसली, त्यांचं बघून रांगेतली दोन गिऱ्हाइकंही हसली. कल्पिता उठली आणि मागे कणकेच्या पिंपाआड जाऊन बसली. त्यानंतर तिने मोबाईलला हात लावला नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट नव्हती. पण शाळेत बाई शब्द सांगायच्या आणि कल्पिता कोरा कागद परत द्यायची. चुकीचंसुद्धा काही लिहायची नाही. बाईंनी रामनाथला बोलावून घेतलं. "आजोबा, चुकलं तर मी सुधारून देईन. पण कोऱ्या कागदावर काय सुधारू? दिवाळीपर्यंत लिहिती झाली नाही तर तिला तिसरीत बसवावं लागेल."

गावात पहिली येणारी पोर. लहानग्यांच्या वर्गात मागे नेऊन बसवली तर ती पुन्हा मान वर करणार नाही, हे रामनाथला दिसत होतं. त्याने समजावलं, खाऊ आणला, काजूची गोष्टही सांगून पाहिली. पोर ऐकायची, मान हलवायची आणि गप्प. शेवटी त्याने मालनला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा हलला, म्हणून मालनने त्या दिवशी टोमणा मारला नाही.

"पोंगाच बंद करते," ती म्हणाली. पण आवाज बंद केला की शब्द सांगणारी बाईही मुकी व्हायची. दोन्ही आवाज एकाच घशातले. निमेशचा कान पिळून झाला, त्यानेही काही झालं नाही. कल्पिता पिंपाआडच. बसल्या बसल्या चपात्या कागदात गुंडाळून द्यायची, तेवढंच.

मग एका संध्याकाळी, कामावरून परतणाऱ्यांची रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत लागलेली असताना, मालनने हात धुतले, पदराला पुसले आणि निमेशला म्हणाली, "ऊठ रे. आज मी बसते."

"मावशी, तुम्हाला कुठे येतं?"

"म्हणूनच बसते. तुला येतं तर तू लाट चपात्या."

तिला ए बी सी डी तुटकतुटक यायची, पाकिटांवर वाचून वाचून जमवलेली. पहिलाच शब्द आला आणि पोंऽऽऽ. रांग खो खो हसली. मालनच्या कानशिलांपर्यंत लाली चढलेली रामनाथने पाहिली. ज्या बाईपुढे चपातीला जाड म्हणणारा दुसऱ्यांदा तोंड उघडत नसे, ती भर रांगेसमोर एका फुकटच्या खेळण्याकडून हरत होती. त्याला वाटलं, आता मोबाईल आपटते. पण तिने मान तिरकी करून तो आवाज नीट ऐकला आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर आमच्या थोरल्या ताईच्या नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न. अस्साच वाजतो. आले भावोजी. शांताबाई, चहा ठेवा."

शांताबाईंना खोकला येईपर्यंत हसू आलं.

मग ते रोजचंच झालं. ऐन गर्दीत मालन बसणार, भावोजी येणार. एकदा आले, दोनदा आले, कधी तर दारातून हलायचेच नाहीत. "आज भावोजी मुक्कामाला दिसतात," रांगेतून कोणी म्हणायचं. "तुमच्याकडे पाठवू का?" मालन विचारायची. कोणी अक्षर सुचवायला गेलं तर फटकारायची, "गप्प. परीक्षा माझी आहे." लाटणाऱ्या बायाही आळीपाळीने बसू लागल्या. चढावरून येणाऱ्यांना लांबूनच पोंगा ऐकू यायचा आणि ते ओळखायचे, मालन बसलीय, चपातीला वेळ लागणार.

आणि पिंपाआड कल्पिता. आधी मान खाली. मग मान वर. मग पिंपाच्या कडेवरून दोन डोळे.

एके दिवशी किचन आलं. चित्रात स्वयंपाकघर. मालन खूश झाली. "हे तर माझंच घर." तिने के, आय, सी, एच, ई, एन असं लावलं. पोंऽऽऽ. पुन्हा तेच लावलं, पुन्हा पोंगा. तिसऱ्यांदा तिचा हात त्याच वाटेने निघाला आणि पिंपाआडून बारीक आवाज आला, "टी राहिला."

रामनाथच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मालनने मागे वळूनही पाहिलं नाही. शाबास नाही, काही नाही. "कुठे?" एवढंच म्हणाली.

"सीच्या आधी."

"मला नाही दिसत. इकडे येऊन दाब. माझे हात कणकेचे आहेत."

हात कणकेचे नव्हते. आत्ताच धुतले होते. पण कल्पिता आली, तिने टी दाबला, पुढची अक्षरं लावली आणि चांदण्या उडाल्या. त्या दिवसापासून ॲप लावलं की मालनचे हात नेमके कणकेचे असायचे आणि अक्षरं दाबायला कल्पिता लागायची. आधी मालनचे शब्द, मग हळूच तिचे स्वतःचे. आणि मग व्हायचं ते झालंच. कल्पिताचा शब्द चुकला. पोंऽऽऽ.

निमेशने स्वतःच्या हाताने तोंड दाबून धरलं. रामनाथला वाटलं, आता ही उठणार, पिंपाआड जाणार आणि पुन्हा काही बाहेर यायची नाही. कल्पिताने मोबाईलकडे पाहिलं, मालनकडे पाहिलं. मालन चपाती उलटत होती, जसं काही कानावर आलंच नाही.

"आले भावोजी," कल्पिता म्हणाली. आणि जरा थांबून, "शांताआजी, चहा ठेवा."

हसण्याचा असा लोट उठला की शेजारचा चांभार काय झालं ते बघायला आला. कल्पिता सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

दिवाळीच्या आधी शाळेतल्या बाईंनी कागद दाखवला. अर्ध्याहून जास्त शब्द चुकलेले, लाल शाईने भरलेला. पण वरपासून खालपर्यंत लिहिलेला. "आता काम करता येईल," बाई म्हणाल्या, आणि तिसरीचं नाव पुन्हा निघालं नाही. रामनाथने तो कागद चाळीत दारोदार फिरवला. एवढे चुकलेले शब्द एवढ्या अभिमानाने मिरवणारा आजोबा चाळीने पहिल्यांदाच पाहिला.

यापुढचं परवाचं आहे. दुकानात लाटायला एक नवी बाई लागलीय, मानखुर्दहून इकडे राहायला आलेली. तिची धाकटी पोर कोपऱ्यात बसते, कोणाशी बोलत नाही. परवा संध्याकाळी मालन ॲपसमोर बसली होती आणि पुन्हा किचनच आलं. रामनाथ अगदी जवळ उभा होता. के, आय लावून मालनचं बोट सरळ टीवर गेलं. तिथे थांबलं. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पोरीकडे पाहिलं, बोट उचललं, सीवर ठेवलं आणि शब्द तसाच पुरा केला. पोंऽऽऽ. कोपऱ्यातल्या पोरीने मान वर केली.

गर्दी ओसरल्यावर रामनाथ पुढे झाला. त्याच्या पोटात काही राहत नाही.

"गो मालन, माका खरा सांग," तो म्हणाला. "माझ्या नातीच्या वेळी तू खरंच चुकत होतीस, की सोंग करत होतीस?"

मालनने पोळपाटावर पीठ भुरभुरवलं, नवा गोळा घेतला आणि वर न बघता म्हणाली, "तेव्हा खरंच चुकत होते, काका. सोंग आत्ता कुठे जमायला लागलंय. मुद्दाम चुकायचं तर बरोबर काय ते आधी यावं लागतं ना. तुमच्या गुरुजींच्या त्या शुक्रवारच्या पोरांना काय येत नव्हतं होय?"