मरोळच्या बागेवर मी लिहिलेला शेरा

हा प्रवास मी घरी कधी सांगितला नाही. विषय निघाला की ताटाकडे बघत बसायचो. आता ऐंशी उलटली, सांगून टाकतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. परदेशी मालाची आयात कमी करायचं सरकारने ठरवलं होतं. देशी माल तेवढा चांगला आहे का, हे पाहून शेरा लिहायचा, हे माझं काम. साताऱ्याहून मुंबईला एकटाच आलो होतो. खाणावळीत जेवायचो आणि खोलीवर येऊन पडायचो.

एके दिवशी सकाळी घाटकोपरला उतरलो. पत्र्याच्या शेडमध्ये परबांचा कारखाना होता. तिथे डिझेल इंजिनाचे नॉझल (तेलाचा फवारा सोडणारी तोटी) बनत.

"साहेब, भायलो, विलायती माल बंद झालो तर ह्या बारा जणांची कामां टिकतली," परब म्हणाले.

त्यांच्या चाचणीच्या बाकावर नॉझल झकास चालला. तोच एक सोबत घेतला.

तिथून बसने अंधेरीच्या बाजूला, मरोळला. भातखाचरं, मधूनच पांढरे क्रूस. इनास या ख्रिस्ती शेतकऱ्याची वांग्यांची बाग होती, विहिरीवर इंजिन. त्याच्या बायकोने, मारीने, फुगे (ताडीने आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) पुढे ठेवले.

"सरकारने ताडी बंद केली, तरी माझे फुगे फुगतात बघ. घे अजून."

मुंबईत आल्यापासून मला कुणी आग्रहाने वाढलं नव्हतं.

इनासने परबांचा नॉझल बसवला. तासाभरात इंजिन धूर ओकून बंद पडलं. त्याचा आधीचा विलायती पुन्हा लावल्यावर पाटाला पाणी आलं.

"बघितलंस ना? देशी सुधारेपर्यंत बाहेरचा येऊ दे. एवढंच लिही, बाबा."

"लिहितो. पण हा विलायती नमुना म्हणून नेतो. चार दिवसांत आणून देतो."

"एकच चांगला आहे रे."

"शब्द देतो."

त्याने तो पुसून, फडक्यात गुंडाळून दिला.

कचेरीत वरिष्ठ म्हणाले, "बंदी ठरलेली आहे. वाकडं कशाला लिहितोस?" मी लिहिलं: देशी माल पुरेसा. नमुना फायलीबरोबर सीलबंद झाला. तो सोडवायला माझाच शेरा खोटा आहे, असं सांगावं लागलं असतं. मी तो तिथेच राहू दिला.

काही वर्षांत परबांचा माल खरोखर सुधारला. बंदी चुकली असं मी आजही म्हणत नाही. पण मी लिहिलं तेव्हा तो सुधारलेला नव्हता, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेरा लिहिल्यानंतरच्या चैत्रात माफी मागायला मरोळला गेलो होतो. पाट कोरडा होता. उरलेल्या चार झाडांना मारी घागरीने पाणी घालत होती.

"चार दिवस म्हणालास, चार महिने झाले. इनास कारखान्यात लागला. संध्याकाळी येईल. बसतोस?"

"नको."

"मग काय सांगू त्याला?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."