गिरणीचा फोन

विंझरला आमची भातगिरणी होती आणि तिला फोन हवा होता. पुण्याच्या व्यापाऱ्यानं सरळच सांगितलं होतं, "सकाळी फोनवर मागितला की दुपारी तांदूळ पोचवणारा माणूस मला पाहिजे. पुढच्या सुगीपर्यंत फोन घ्या, नाहीतर मी दुसरी गिरणी बघतो."

अर्ज केला. टेलिफोनचे साहेब आले, रस्ता बघून, चहा पिऊन गेले. खांब आले आणि पावसाळाभर रस्त्याकडेला पडून राहिले. त्यांच्यावर बसून लोक एसटीची वाट बघायचे. शेवटी ते उभे राहिले, तारा ओढल्या आणि काम देवराईपाशी अडलं. देवीच्या त्या रानातली काडीसुद्धा कुणी तोडत नाही, आणि एका आंब्याची फांदी नेमकी तारेच्या वाटेत. लाइनमन खालीच बसला. "कोयता म्या न्हाई लावणार," म्हणाला.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "देवीलाच इचारू."

मी कपाळावर हात मारला. "अवो, इचारताय कशाला? फांदी दोरीनं बाजूला बांधून घ्या की!"

ऐकतील तर शपथ! गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

विचारलंय म्हटल्यावर आता मोडायचं कसं? तारा देवराईला वळसा घालून न्यायच्या ठरल्या. म्हणजे पुन्हा साहेब, पुन्हा मंजुरी, पुन्हा खांब. मला देवीचा राग आला नाही. मालकांचा आला, तो अजून आहे. सुगी आली आणि गेली. व्यापाऱ्यानं दुसरी गिरणी धरली. आमचं इंजिन थंड पडलं आणि एक दिवस मार्गासनीच्या एकानं ते विकत घेऊन ट्रकमध्ये चढवून नेलं.

अर्ज मात्र जिवंत होता. उन्हाळ्यात रिकाम्या गिरणीत काळाभोर फोन येऊन बसला. मालकांनी हौसेनं व्यापाऱ्याला नंबर कळवला. गिरणी विकल्याचं कळवलं नाही.

फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा मीही धावत गेले. पलीकडे तोच व्यापारी. नवी गिरणी त्याला वेळेवर माल देत नव्हती, तांदूळ धाडता का म्हणून विचारत होता.

"गिरणी इकली, शेठ," मालक ओरडून म्हणाले. मग रिसीव्हर हळूच ठेवला आणि इंजिनाच्या जागी उरलेल्या तेलाच्या डागाकडे बघत राहिले.

"आवाज मात्र लई साफ येतो गं," म्हणाले.