टीबी नाही, एवढंच वाचलं

आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारी मी एकटी. खानदानात पहिली बी.एस्सी. बँकेच्या चिठ्ठीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझ्याकडे यायचं आणि मला त्याचा माज होता.

आई देवळीजवळच्या वावरात मेथी-वांगी लावते, बाजारात स्वतः विकते. तिचा खोकला महिनोन्‌महिने हटेना, तेव्हा मी तिला वर्ध्याला नेलं. रिपोर्ट येईपर्यंत काकूने तिची कपबशी वेगळी ठेवली होती.

रिपोर्टात वरच लिहिलं होतं, टीबीचे जंतू नाहीत. खाली होतं, त्याच घराण्यातले दुसरे जंतू वाढलेत. रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले होते; डॉक्टरांनी मला नीट समजावलं. हे माती-पाण्यात असतात, माणसापासून माणसाला सहसा लागत नाहीत. काहींच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं गप्प बसतात, काहींचं फुप्फुस हळूहळू पोखरतात. आज औषध नको, पण दर तीन महिन्यांनी बेडका तपासायचा, अधूनमधून स्कॅन काढायचा.

मी अंगणातूनच ओरडले, "टीबी नाई!" काकूसमोर आईचा उष्टा चहा पिऊन दाखवला.

काकू म्हणाली, "मंग आता वर्ध्याच्या चकरा बंद करा वो माय. छातीच्या डॉक्टरच्या लाइनीत कोणी पाह्यलं, तं तुले पाहाले येणारा पाहुणा देवळीवरूनच वापस जाईन."

पंधरा दिवसांनी मला पाहायला लोक येणार होते. खालचं वाक्य मी कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही.

लग्न झालं, मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आले. आई मधूनच बरी वाटायची. एक अख्खा हिवाळा खोकली नाही. मी मनाशी म्हणायचे, गप्प बसलेत. मग पुन्हा सुरू. तिचे ब्लाउज दोनदा आतून शिवून घेतले. भाजीचं टोपलं ती अर्ध्या वाटेत खाली ठेवायला लागली. "वय झालं तुहं," मी म्हणायचे. चौथ्या वर्षी बेडक्यात रक्त दिसलं, तेव्हा गेलो.

स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात पोकळी होती. जुने कागद चाळून डॉक्टर म्हणाले, "चार वर्षं कुठे होतात तुम्ही? आता तीन-तीन औषधं, तीही वर्षाच्या वर. आणि जे गेलं ते भरून येणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "पोरगी लय मांगं लागली होती साहेब. मलेच वावरातून सवड नोती."

मी खाली पाहत राहिले. नाही म्हटलं नाही.

बाहेर बाकावर बसून तिने आधी दम घेतला. "काऊन वो, कोणत्या चार वर्षांचं बोलून राह्यला तो?"

मी सांगितलं. जंतू, पाहुणे, सगळं.

"म्हणजे तुले मालूम होतं."

"हो."

"मले वाटलं, मले दवाखान्यात आणाचं तू इसरली असशीन. म्हणून खोटं बोलली मी." तिने पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "जाय आत. सांग त्याले. मी काऊन आळशी ठरू?"

आत दुसरी बाई तपासून घ्यायला बसली होती. डॉक्टरांनी मान वर केली, "काही राहिलं का?"

"आईची चूक नव्हती," मी म्हणाले. "मी तिला सांगितलंच नव्हतं."

ती बाई वळून माझ्याकडे पाहत राहिली.