बायोडेटातली दोन वर्षं

पुण्यातला सायबर सिक्युरिटीचा कोर्स संपला आणि दोन महिन्यांत होस्टेल सोडून मी साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावी परत आले. घरात रेंज यायची नाही. वावरातल्या विहिरीच्या कठड्यावर मात्र मोबाईलला दोन कांड्या दिसायच्या, म्हणून माझं नोकरी शोधणं तिथून चालायचं. समोर बाबा कपाशीत असायचे. त्या वर्षी बीटीवरही गुलाबी बोंडअळी पडली होती. वरून हिरवंगार दिसणारं बोंड बाबा फोडायचे, आतली अळी बघायचे आणि खाली टाकायचे.

नोकरी लावून देणाऱ्यांचे फोन यायचे, पण बहुतेकांना मला कॉल सेंटरवर बसवायचं होतं. एक जण वेगळा वाटला. दिवसातून दोनदा फोन करायचा. "मॅडम, तुमचं काम झालंच समजा," म्हणायचा. इतक्या खात्रीनं माझ्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. त्यानं बायोडेटा मागून घेतला, "जरा नीट करून पाठवतो," म्हणाला. आठवड्यात मुलाखत ठरली. मेहकरहून ट्रॅव्हल्सनं मी पुण्याला गेले.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला. "या कंपनीत दोन वर्षं नेमकं काय काम केलंत?"

त्या कंपनीचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं.

"हे मी लिहिलेलं नाही, सर."

ते चिडले नाहीत. कागद परत ओढून म्हणाले, "तुमच्या नावावर कुणी तरी खोटं लिहिलं आणि तुम्हाला पत्ता नाही. आणि तुम्ही लोकांची माहिती सांभाळायची नोकरी मागताय."

खाली येऊन बायोडेटा पाठवणाऱ्या त्या माणसाला फोन लावला. "सगळेच करतात हो," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं माझा फोन कधी उचलला नाही.

बाबांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो तुले काही इचारत होता का?"

"काय?"

"तुले काय येते, काय येत नाही."

"नाही."

"मंग तुले कुठं लावाचं, हे त्याले कसं समजंन? बियाणंवाल्यानं मले तरी कुठं इचारलं वावर कसं हाये म्हून. पाकीट दाखवलं, मी घेतलं."

त्यानंतर मी प्रत्येकाला आधीच विचारू लागले. कोणत्या कंपनीत पाठवणार? पाठवण्याआधी मला सांगणार का? बायोडेटात काही बदलणार का? बरेच जण तिथंच फोन ठेवायचे. एक बाई मात्र टिकल्या. त्यांनी पाऊण तास मलाच विचारलं. सर्व्हरची कोणती नोंद स्वतः वाचून पाहिलीय, हल्ला झाला तर आधी काय बंद कराल. दोनदा मी अडखळले, तेव्हा त्यांनी "हे येत नाही, शिकून घ्या," असं सरळ सांगितलं. नवख्यांना घेणाऱ्या दोनच जागा आहेत, म्हणाल्या, आणि पाठवण्याआधी दोन्ही वेळा मला विचारलं. जे येत नव्हतं, ते रात्रंदिवस शिकण्यात माझे दोन महिने गेले.

पहिला नकार त्यांनीच फोन करून कळवला. दुसराही.

"नवीन मुलं घेणं दोन्ही कंपन्यांनी थांबवलंय. बाकीच्यांना अनुभव हवा, आणि तो द्यायला कुणी तयार नाही. तुम्हाला उगाच आशेवर ठेवणं मला बरं वाटत नाही."

मी आभार मानले. माणूस या वेळी बरोबर निवडला होता, त्यामुळे राग धरायलाही कुणी उरलं नाही.

बाबा कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटत होते. "काय म्हने?"

"नाही म्हणाल्या."

"खरं बोलली ना पन?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं झाड धरलं. मीही ओढणी कमरेला खोचून शेजारच्या ओळीला लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं उपटत राहिलो.

आता मी साखरखेर्ड्यात एका ऑनलाइन सेंटरवर बसते, बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज भरते. लोक दहा जणांसमोर बँकेचा नंबर, मोबाईलवर आलेला ओटीपी मोठ्यानं सांगतात. सुरुवातीला मी म्हणायचे, "काका, हळू बोला, कुणी ऐकलं तर खातं रिकामं करेल."

एकदा एक म्हातारे हसले. "काय हाये त्याच्यात बाई, नेऊ दे कोनाले नेयाचं ते."

हल्ली मी कुणाला अडवत नाही. ते सांगतात, मी टाइप करते.